यमूच्या हातचा भात

कोंडाजीमामा आयुष्यात एकदाच खोटं बोलला, असं मी म्हणणार नाही. नाशिकच्या द्वारका चौकातल्या ट्रान्सपोर्ट कचेरीत बुकिंगला बसणारा माणूस दिवसभर फोनवर ‘गाडी कधीच निघाली, पोचेलच आता’ असं सांगत असतो, आणि गाडी त्याच्या डोळ्यांदेखत पंक्चर काढत उभी असते. असली खोटी बोलणी त्याने कधी मनाला लावून घेतली नाहीत, मीही नाही. पण एकदा तो असं खोटं बोलला की त्याची लाज त्याला मरेपर्यंत पुरली. मला त्याचा राग अजून पुरतोय, म्हणून लिहायला बसलो.

लोक त्याला नाना म्हणायचे. नाशिकच्या आजूबाजूला भाजीपाला आणि फुलं पिकवणारी जी गावं आहेत, तिथे एखाद्या घरात नवरा-बायकोचं फाटलं की कुणीतरी म्हणायचंच, “वकिलाकडं जायच्या आधी द्वारकेला नानांकडं जाऊन या.” मामा कुठल्या जातीचा पंच नव्हता आणि पुढारी तर मुळीच नव्हता. शिक्षण मॅट्रिक नापास. अंगात खाकी शर्ट, कानाला पेन्सिल, आणि बोलणं इतकं हळू की समोरचा ओरडत असला तर त्याला नाइलाजाने थांबून ऐकावं लागे.

कचेरीच्या मागे पत्र्याचं गोदाम होतं. दुपारी हमाल जेवायला गेले की मामा दोन्हीकडच्या माणसांना तिथे बोलवायचा आणि पोत्यांवर बसवायचा. गोदाम ना सासरचं, ना माहेरचं. तिथे नवऱ्याने स्वतः बोलायचं आणि बायकोनेही स्वतःच बोलायचं. बोलणी चालू असेपर्यंत कुणी कुणाला नोटीस पाठवायची नाही. गोदामातलं बोलणं बाहेर न्यायचं नाही. आणि नाहीच जमलं, तर मामा दोन्ही बाजूंना हात जोडून मोकळा व्हायचा. मग कुणी कितीही गयावया केली तरी तो कुणा एकाचा साक्षीदार म्हणून उभा राहायचा नाही. तो सगळ्या बायकांना पुन्हा नांदायलाच धाडायचा, असं मात्र समजू नका. ज्यांचं पटणारच नाही, त्यांना तो नीट वेगळं करायचा. भांडी कुणाची, पोरं कुणाकडे, सणाला कुठे, सगळं त्यांच्याच तोंडून वदवून घ्यायचा. शिक्का शेवटी कोर्टाचाच लागायचा, पण दोघांच्या राजीखुशीने फारकत घ्यायची सोय कायद्यात होऊन काही वर्षं झाली होती. सगळं आधीच ठरवून एकाच रिक्षातून कोर्टात आलेली जोडपी मी पाहिली आहेत.

मी पाहिली आहेत, कारण मी कोर्टाच्या आवारात झाडाखाली टाइपरायटर घेऊन बसायचो. मामाकडे ठरलेले कागदही मीच टाइप करून द्यायचो. कोर्टात वाईट माणसं बसतात असं माझं म्हणणं नाही. पण तिथे नवरा-बायकोने एकमेकांशी बोलायचं नसतं, एकमेकांविषयी बोलायचं असतं. चांगल्या घरची माणसं एकमेकांविषयी काय काय लिहून द्यायची, ते टाइप करताना माझेच कान तापायचे. म्हणून मामाच्या कामाचं मला कौतुक होतं. ते आजही आहे, राग आहे तो वेगळा.

मामाचा एक नेम साऱ्या पंचक्रोशीला ठाऊक होता. बोलणी पुरी होईपर्यंत तो दोन्ही घरांतलं काही तोंडात घालायचा नाही. चहा नाही, पाणी नाही, सुपारीचं खांडसुद्धा नाही. कुठे जायचं झालं तर स्वतःचा फिरकीचा तांब्या बरोबर. सगळं मिटलं की मग तो दोन्ही घरी जेवायला जायचा, आणि ज्या घरी पोर राहायचं ठरलं असेल तिथे आधी. त्यामुळे झालं काय, की नाना एखाद्या घरी जेवले म्हणजे पोर त्यांचं, असं लोक धरूनच चालायचे.

हा नेम त्याने उगीच धरला नव्हता. माझ्या आईचं, सुलाबाईचं, सासरी बिनसलं तेव्हा गावच्या पंचांनी बैठक घेतली होती. बैठकीच्या आधी पंच माझ्या वडिलांच्या घरी मटण जेवले. मी अंगावर पिणारा, म्हणून आईबरोबर आलो. माझा थोरला भाऊ तिकडेच राहिला. पुढे आई त्याला कुणाच्या तरी लग्नात लांबून बघायची. मामा तेव्हा तरुण होता. “त्या मटणाचा वास माझ्या नाकातून कधी गेलाच नाही,” असं तो म्हणायचा. आई आणि मी त्याच्याच घरी राहिलो, त्यानेच मला टायपिंगच्या क्लासला घातलं.

नेमाचा त्याला अभिमान होता, आणि खरं सांगायचं तर जरा जास्तच होता. कुणाच्या ओट्यावर बसला की तांब्या सगळ्यांना दिसेल असा पुढे ठेवायचा. मी चिडवायचो, “मामा, त्याला एक हार घाल आता.” तो हसायचा, पण तांब्या काही मागे घ्यायचा नाही.

ब्याऐंशी सालची गोष्ट. मखमलाबादकडच्या कारभारीची बहीण, लताबाई, घोटीला दिली होती. नवरा भिकन नाशिकजवळ अंबडला नव्याने उभ्या राहिलेल्या एका कारखान्यात लागला आणि आठवडाभर तिथेच खोली करून राहू लागला. लताबाई घोटीला सासूजवळ. भिकन मनातलं ओठावर न आणणारा, ही बोलून मोकळी होणारी. तो सुट्टीला घरी यायचा आणि जेवून झोपायचा. ती आठवड्याचं साठवलेलं बोलायला जायची आणि त्यातून भांडण व्हायचं. दोघांत वाईट कुणीच नव्हतं, पटत नव्हतं इतकंच. एका भांडणात ती माहेरी निघाली तेव्हा सासू, सखुबाई, दारात आडवी झाली. “जायचं तर तू जा, पोर माझी हाय,” म्हणाली. पोर म्हणजे यमू, तेव्हा पहिलीत होती. ती घोटीलाच राहिली आणि लताबाई माहेरी येऊन रडत फुलं तोडू लागली.

कारभारी वकिलाकडे निघाला होता, तो मामाकडे आला. भिकनही आला. गोदामात बैठका झाल्या आणि बरंचसं मार्गी लागलं. वेगळं व्हायचं, हे दोघांनी शांतपणे कबूल केलं. प्रश्न एकच उरला होता, यमू कुणाकडे. लताबाईला दुसरं काहीच नको होतं. भांडी, दागिने, सगळं सोडायला ती तयार होती. शेवटी एका बैठकीत भिकन खाली बघत म्हणाला, “पोरगी आईकडं बरी, नाना. फक्त सुट्टीला घोटीला पाहिजे. म्हातारीचा लय जीव हाय तिच्यावर.” लताबाईने तोंडात पदर घातला. त्या घरातल्या कुणी पहिल्यांदाच तिचं ऐकलं होतं. आता एकच बैठक बाकी होती, तिला सखुबाई आणि यमू येणार होत्या. म्हातारीला समजावून आणायचं काम भिकनने स्वतःकडे घेतलं.

मामाची एक पद्धत होती. पोराला त्याच्या घरात खेळताना पाहिल्याशिवाय पोराचं ठरू द्यायचं नाही. म्हणून शेवटच्या बैठकीआधी तो घोटीला गेला. तिथे काय झालं, ते त्याने मला नंतर सांगितलं, पण गोष्ट कळायला ते इथेच सांगायला हवं.

भातकापणी उरकली होती. गिरण्यांपुढे गाड्या लागलेल्या आणि साऱ्या घोटीत कोंड्याची धूळ. भिकन कामावर होता. सखुबाईने चहाचं विचारलं, मामाने तांब्या दाखवला, ती हसून आत गेली. परसात यमू भातुकली खेळत होती. तीन दगडांची चूल मांडून आजीकडून विस्तव मागून घेतलेला, त्यामुळे बोळक्यातला भात खरोखरच शिजला होता. तिने पळसाच्या पानावर तो वाढला, वर गुळाचा खडा ठेवला आणि पान मामापुढे सरकवलं. मामाने भातुकलीत करतात तसं केलं. हात पानाजवळ नेला, मग तोंडाजवळ, आणि म्हणाला, “वा, काय छान झालाय!”

“तसं नाय,” यमू म्हणाली. “खरं खा.”

मामाने इकडचं तिकडचं काढलं, शाळेचं विचारलं, बाहुलीचं नाव विचारलं. यमू पानाकडेच बघत होती. मग तिने हळूच विचारलं, “मीठ कमी पडलं का?” तिथे मामा विरघळला. त्याने घास घेतला. भात कच्चा होता, धुराचा वास येत होता, आणि पोरगी त्याच्या तोंडाकडे डोळे लावून बसली होती. “अजून वाढ,” तो म्हणाला. मान वर केली तेव्हा मागच्या दारात सखुबाई उभी होती.

त्यानंतर आठवडे बाजारात सखुबाईने भेटेल त्या बाईला सांगितलं की नाना आमच्याकडे खाऊन गेले. भातुकलीतलं खाल्लं, हे तिने सांगितलं नाही. ती बातमी भाजीच्या टेम्पोबरोबर मखमलाबादला पोचायला कितीसा वेळ लागणार?

शेवटच्या बैठकीला मी कागद आणि टाइपरायटर घेऊन गोदामातच होतो, म्हणजे ठरलं की लगेच टाइप करता यावं. एका बाजूला सखुबाई आणि भिकन, दुसऱ्या बाजूला लताबाई आणि कारभारी. यमू आत आली ती थेट आईच्या मांडीवर जाऊन बसली. लताबाईने शेवंतीची वेणी आणली होती, ती तिच्या आखूड केसांत बसेना, तरी दोघी हसत होत्या. सखुबाईसुद्धा बघत होती आणि तिचा चेहरा मला वाटला तेवढा कडक नव्हता. मला वाटलं, अर्ध्या तासात काम होतंय.

कारभारी मात्र बसला नव्हता. तो म्हणाला, “नाना, एक इचारतो, राग मानू नका. तुमी घोटीला खाऊन आलात म्हणत्यात. तसं असंल तर पोरीचं ठरलंच म्हणायचं. मग आमाला इथं कशाला बसवलं?”

साधं उत्तर होतं. खाल्लं, भातुकलीतलं खाल्लं, पोरीने वाढलं म्हणून खाल्लं. कारभारी कदाचित हसलाही असता. पण मामाने कानाची पेन्सिल काढली, हातात फिरवली आणि पुन्हा कानाला लावली. “कारभारी,” तो म्हणाला, “एवढ्या वर्षांत माझा नेम मोडलेला कुणी बघितलाय? घोटीला मी कणभरही काही तोंडात घातलं नाही.”

“घातलं ना,” यमू आईच्या मांडीवरून म्हणाली. “मी भात केला होता. तुमी अजून वाढ म्हणले.”

लताबाईने तिचं तोंड आपल्याकडे वळवलं. “काय बोलतीस? नाना कुणाकडं खात नाय.”

“खाल्ला. गुळासंगं खाल्ला.”

“आजीनं शिकवलं का हे?”

“नाय शिकवलं. खरंच खाल्ला.”

“एवढ्या मोठ्या माणसावर आळ घेतीस? आपल्यासाठी राबतो त्याच्यावर?” असं म्हणून लताबाईने तिच्या थोबाडीत मारली.

पत्र्याच्या गोदामात तो आवाज केवढा झाला! मी मामाकडे बघितलं. त्याचं तोंड उघडलं होतं, त्याने ते मिटलं. पोरीला मारलेलं त्याला सहन झालं नाही म्हणून तो गप्प आहे, असंच मला वाटलं. मीही त्याच्यावर विश्वास ठेवला होता, आम्ही सगळ्यांनीच ठेवला होता.

“पोर खरं बोलती,” सखुबाई म्हणाली. “म्या डोळ्यानं बघितलं.”

“तू तर तसंच बोलणार,” कारभारी म्हणाला आणि त्याने मामाकडे वळून विचारलं, “बोला नाना.”

ही दुसरी संधी होती. मामा खाली पोत्याच्या शिवणीकडे बघत राहिला.

यमू रडली नाही. ती आईच्या मांडीवरून घसरून उतरली आणि आजीच्या मागे जाऊन उभी राहिली. वेणी तिथेच पडली. भिकन उठला. मी त्याला एवढं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. “नाना, मी पोर द्यायला तयार होतो, तुमाला ठाऊक हाय. पण जी ऐकून न घेता पोरीला मारती, तिच्याकडं मी पोर देत नाय. आता कोर्टात काय व्हायचं ते होऊ दे.” ते तिघं निघून गेले. लताबाई दारापर्यंत धावली आणि थांबली. ज्या हाताने मारलं होतं तोच हात तिने हाक मारायला वर केला होता.

संध्याकाळी मामा ताटावरून उठला. आई मेथी निवडत बसली होती, मी शेजारी होतो. उभ्या उभ्याच त्याने आम्हाला सगळं सांगितलं, परस, पळसाचं पान, धुराचा वास, सगळं. मी तिथेच ओरडलो. काय काय बोललो ते आता आठवत नाही, पण एकही शब्द मागे घ्यावा असं मला वाटत नाही. आईने मात्र आवाज चढवला नाही.

“घास खाल्लास त्याचं काही नाही रे,” ती म्हणाली. “पोराच्या हातचा घास कुणीही खाईल. पण ती मार खात होती तेव्हा तू काय करत होतास?”

“मला वाटलं, आता खरं सांगितलं तर इतक्या वर्षांचं सगळं जाईल.”

“मग राहिलं का?” आईने विचारलं. मामा भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. त्याला रडताना मी पहिल्यांदाच बघत होतो, आणि मला त्याची दया आली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळीच तो मखमलाबादला निघाला. मला म्हणाला, “बहिरू, तू चल. एकट्याने माझी छाती होणार नाही.” लताबाई वाफ्यात शेवंती तोडत होती. मामा बांधावर उभा राहिला, चपला काढून. “लताबाई, यमू खरं बोलत होती. मी खाल्लं होतं.” तिला आधी समजलंच नाही. मग तिने टोपली खाली ठेवली आणि स्वतःच्या हाताकडे बघितलं. कारभारी पलीकडून धावत आला आणि जे बोलला ते मी इथे लिहीत नाही. मामाने ते सगळं मान खाली घालून ऐकून घेतलं.

“तुमच्या शब्दावर मारलं मी तिला,” लताबाई म्हणाली. “ती सांगत होती मला. तीनदा सांगितलं तिनं.” मग तिने हात धुतले, पदर खोचला. “चला. आत्ताच्या आत्ता. हे तिच्यासमोर बोलायचं.”

एसटीत ती पुढे बसली, आम्ही मागे. घोटी येईपर्यंत तिने एकदाही वळून बघितलं नाही.

रविवार होता, भिकन घरीच होता. लताबाई ओट्याखाली उन्हात उभी राहिली. ज्या घरातून निघाली होती त्याची पायरी चढेना. मामा पायरीशी गेला आणि त्याने सगळं सांगितलं. आजूबाजूच्या बायका जमल्या, तरी तो थांबला नाही. नेम मोडला हे सांगितलं, खोटं बोललो हे सांगितलं, पोरीला मार बसत असताना गप्प बसलो हेही सांगितलं. लताबाईने माझ्यावर विसंबून मारलं, तिच्यावर राग धरू नका, असं भिकनला सांगितलं. नाना असं काही बोलतील यावर कुणाचा विश्वास बसत नव्हता, आणि मला तिथून पळून जावंसं वाटत होतं. माझ्याच घरातला माणूस होता तो. शेवटी तो यमूपुढे उकिडवा बसला. यमू खांबाला धरून उभी होती.

“यमू, तू खरं बोललीस. मी खोटं बोललो.”

यमूने जरा विचार केला. “मग तुमाला कुणी मारलं?”

“कुणी नाही,” मामा म्हणाला.

तिच्या विचारण्यात राग नव्हता. मोठी माणसं खोटं बोलली तर त्यांचं काय करतात, एवढंच तिला जाणून घ्यायचं होतं. उत्तर ऐकून ती आत निघून गेली. मामा तसाच उकिडवा बसून राहिला. उठायला त्याला माझा हात लागला.

मग सखुबाई बोलली. “माझं तरी काय चांगलं झालं? बाजारात सांगत फिरले, पण भातुकलीचा घास हाय, हे नाय सांगितलं. पोरीच्या खेळाची म्याच आग केली.” असं म्हणून ती मटकन खाली बसली. भिकन लताबाईला म्हणाला, “आत ये. उन्हात नको उभी राहूस.” किती महिन्यांनी तो तिच्याशी मधे कुणाला न घेता बोलला असेल कुणास ठाऊक.

लताबाई पायरी चढली आणि वळली. “नाना, तुमी निघा आता,” ती म्हणाली. “आमचं आमी बघतो.” तिच्या बोलण्यात तुसडेपणा नव्हता, पण मायाही नव्हती. आम्ही स्टँडवर गेलो.

काही दिवसांनी भिकन आणि लताबाई दोघंच माझ्या झाडाखाली आली. बरोबर वकील नव्हता, भाऊ नव्हता, आई नव्हती. त्यांनी आपलं आपण ठरवलं होतं. यमू आईजवळ राहणार, सुट्ट्यांना घोटीला जाणार, आणि सखुबाईला वाटेल तेव्हा मखमलाबादला येऊन नातीला भेटता येणार. मी टाइप करत गेलो. शेवटी लताबाई म्हणाली, “आणखी एक टाका. पोरीचं ऐकून घेतल्याबिगर तिच्यावर कुणी हात उचलायचा नाय. मी पण नाय.” असलं काही कोर्टाच्या कागदात घालत नाहीत, असं मी तिला सांगितलं. “मग आमच्यापुरतं वेगळं लिहा,” भिकन म्हणाला. मी वेगळ्या कागदावर ते टाइप करून दिलं, दोघांनी त्यावर सह्या केल्या. मग दोघं उठली आणि एकाच रिक्षात बसून गेली. मामाने वेगळं केलेल्या कुठल्याही जोडप्यापेक्षा ती जास्त नीट वेगळी झाली, आणि ते त्यांनी मामावाचून केलं. मधे कुणी न पडता त्या दोघांचं एकमत झालेली पहिली गोष्ट म्हणजे नाना नकोत ही होती.

मी हे मामाला सांगितलं. त्याने फक्त “पोर आईकडे ना?” एवढंच विचारलं. दोन्ही घरांतून त्याला जेवायचं बोलावणं आलं नाही. येणार नव्हतंच, पण पुढचे कितीतरी रविवार तो धुतलेला शर्ट घालून घरी बसायचा. आई चूल पेटवायला उठायची, ते बघत तिथे बसणं तिला जमायचं नाही.

त्यानंतर मामा बैठकीला बसला नाही. लोक यायचे, पोरंबाळं घेऊन यायचे, त्याच्या हातापाया पडायचे. तो म्हणायचा, “माझा अधिकार गेला.” याचा तर मला जास्तच राग यायचा. मी त्याला तोंडावर म्हणालो, “खोटं बोललास तेव्हाही तुला तुझंच पडलं होतं, आणि आता लाज धरून बसलास तेव्हाही तुझंच पडलंय. ती माणसं कुठे जातील?” ती कोर्टात गेली. त्यांतल्या कितीकांची एकमेकांविषयीची गाऱ्हाणी मीच टाइप केली. मामाने माझं म्हणणं ऐकून घेतलं, पण गोदामाचं दार काही त्याने पुन्हा उघडलं नाही.

दोनेक वर्षांनी, दिवाळीच्या सुट्टीत, मी मामाच्या कचेरीत बसलो होतो. समोर द्वारकेच्या चौकात लताबाई आणि यमू घोटीकडची गाडी बघत उभ्या होत्या. यमू उंच झाली होती, दोन वेण्या घातल्या होत्या. मामाने त्यांना पाहिलं आणि तो खुर्चीतून अर्धा उठून पुन्हा बसला. मग रस्ता ओलांडून गेलाच. मीही मागोमाग गेलो. लताबाईने त्याला नमस्कार केला. तिने तो मनापासून केला, असं मला वाटलं.

“कितवीत गेलीस, यमू?” मामाने विचारलं.

“तिसरीत,” ती म्हणाली. “दुसरा नंबर आला माझा.” आणि लगेच पुढे म्हणाली, “खरंच. आईला विचारा.”

मामाचा चेहरा उतरला. लताबाई हळू आवाजात म्हणाली, “तिला सवय लागलीय. काहीपण सांगितलं की तेवढं जोडती. शाळेतपण. बाई रागावत्यात, तरी जात नाय.”

गाडी आली. माणसं दाराकडे धावली. “आईला कशाला विचारू, पोरी?” मामा म्हणाला. “तू सांगितलंस ना, मग खरंच आहे ते.” पण यमूचं त्याच्याकडे लक्ष नव्हतं. आई हो म्हणते का, हे बघत ती पायरीशी थांबली होती. लताबाईने मान हलवली तेव्हा कुठे ती गाडीत चढली.